एक काढला तरी मशीन चालूच: रिडंडंट हॉट-स्वॅप पॉवर सप्लाय म्हणजे काय आणि तो कसा काम करतो?

तुमच्या फोनमध्ये दोन सिम असतील तर एकाची रेंज गेली तरी दुसऱ्यावरून कॉल लागतो. आता समजा दोन्ही सिम एकाच कंपनीची आहेत आणि त्या कंपनीचा तुमच्या भागातला टॉवरच बंद पडला. मग दोन सिम असून उपयोग शून्य. रिडंडंट पॉवर सप्लायची अर्धी गोष्ट या उदाहरणात आहे. उरलेली अर्धी अशी, की बंद पडलेलं सिम फोन बंद न करता काढून तिथे नवीन टाकता आलं पाहिजे.

कारखान्यातल्या, टोलनाक्यावरच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरला इंडस्ट्रियल कॉम्प्युटर म्हणतात. आतून तो आपल्या पीसीसारखाच असतो: प्रोसेसर, रॅम, एसएसडी. फरक असा की त्याला सुट्टी नसते. वर्षाचे ८,७६० तास तो चालू असतो आणि तो बंद पडला तर समोरचं काम थांबतं. एखाद्या फार्मा प्लांटमध्ये बॅच अर्ध्यात असताना तापमानाची नोंद थांबली, तर औषध चांगलं असलं तरी ते चांगलं आहे हे सिद्ध करता येत नाही. म्हणून या मशीनच्या मागे एकाऐवजी दोन पॉवर सप्लाय असतात, ड्रॉवरसारखे ओढून काढता येणारे.

आधी साधा सप्लाय समजून घेऊ

तुमच्या फोनचा चार्जर हाही एक छोटा एसएमपीएसच आहे. त्यावरची बारीक अक्षरं वाचा: इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. कॉम्प्युटरचा सप्लाय तेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. भिंतीतले २३० व्होल्ट एसी आत आल्यावर आधी त्याचं डीसी होतं, मोठ्या सप्लायमध्ये ते साधारण ३९०-४०० व्होल्टपर्यंत चढवून एका जाड कपॅसिटरमध्ये साठवलं जातं, मग ते सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली १२ व्होल्टवर आणलं जातं.

यातला तो जाड कपॅसिटर महत्त्वाचा आहे. लाइट क्षणभर गेली तर त्यात साठलेल्या ऊर्जेवर सप्लाय काही मिलिसेकंद तग धरतो. याला होल्ड-अप टाइम म्हणतात आणि तो साधारण १० ते २० मिलिसेकंद असतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची एक लाट २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे बोली भाषेत सांगायचं तर सप्लाय एखादी लाट गिळू शकतो, त्याहून जास्त नाही.

आणि हाच सप्लाय मशीनमधल्या सगळ्यात आधी मरणाऱ्या भागांपैकी एक आहे. प्रोसेसर सहसा जळत नाही. सप्लायमध्ये मात्र इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, ज्यांच्यातला द्रव उष्णतेने हळूहळू वाळतो. इंजिनिअर लोकांचा ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की या कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. शिवाय सप्लायला पंखा असतो, पंख्याला बेअरिंग असतं आणि कारखान्यात धूळ असते. पुढचं वेगळं सांगायला नको.

दोन सप्लाय नुसते एकत्र जोडून चालत नाहीत

पहिला विचार येतो तो असा की दोन सप्लायच्या १२ व्होल्टच्या तारा एकत्र पिळल्या की झालं. तसं केलं तर एक सप्लाय आतून शॉर्ट झाल्यावर दुसरा आपला सगळा करंट त्या शॉर्टमध्येच ओतेल. एक मेला आणि जाताना दुसऱ्यालाही घेऊन गेला.

म्हणून प्रत्येक सप्लायच्या तोंडाशी एक एकमार्गी दार लागतं: करंट बाहेर जाईल, आत येणार नाही. त्यासाठी सगळ्यात साधा भाग म्हणजे डायोड. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या टँडम कंपनीने १९७६ मध्ये बँकांसारख्या ग्राहकांसाठी न थांबणारा कॉम्प्युटर विकायला सुरुवात केली, त्यातही डिस्क वगैरे सांभाळणाऱ्या कंट्रोलरला दोन सप्लायमधून डायोडच्या मार्फत वीज दिलेली होती.

डायोडची अडचण उष्णतेची. शॉट्की डायोडवर साधारण अर्धा व्होल्ट खर्च होतो. मशीन १२ व्होल्टवर ५० अँपिअर घेत असेल, म्हणजे ६०० वॅट, तर त्या एका डायोडवर २५ वॅट नुसती उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न तेवढ्यावर तापतं! म्हणून आता डायोडच्या जागी मॉसफेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच वापरतात. त्याचा रोध २ मिलिओहम धरला तर तेवढ्याच करंटला नुकसान ५ वॅटवर येतं. मात्र मॉसफेट स्वतःहून एकमार्गी नसतो. त्याच्यासोबत एक छोटी कंट्रोलर चिप सतत बघत असते की करंट उलटा वाहायला लागला का, आणि तसं दिसलं की मायक्रोसेकंदाच्या आसपासच्या वेळात दार बंद करते.

दुसरा प्रश्न वाटणीचा. एका सप्लायचा व्होल्टेज १२.१० आणि दुसऱ्याचा १२.०५ असला, तर जवळपास सगळा लोड पहिलाच ओढतो आणि दुसरा नुसता बसून राहतो. पहिला लवकर थकतो. त्यामुळे दोन्ही सप्लायमध्ये एक वेगळी तार टाकलेली असते, जिच्यावरून ते एकमेकांचा करंट ओळखतात आणि आपापला व्होल्टेज किंचित वरखाली करून लोड अर्धा-अर्धा वाटून घेतात. स्वस्त डिझाइनमध्ये ही तार नसते. तिथे करंट वाढला की व्होल्टेज मुद्दाम थोडा खाली जाऊ देतात, म्हणजे जास्त ओढणारा आपोआप मागे पडतो.

इन्व्हर्टरसारखं नाही

घरी लाइट गेली की इन्व्हर्टर खट्‌ आवाज करून चालू होतो आणि तेवढ्यात वायफाय राउटर किंवा पीसी रिस्टार्ट होतो, हा अनुभव बहुतेकांना असेल. तिथे एक गोष्ट बंद झाल्यावर दुसरी चालू होते, आणि मधला वेळ राउटरच्या होल्ड-अपपेक्षा जास्त पडतो.

रिडंडंट सप्लायमध्ये असा बदलाचा क्षण सहसा नसतोच. दोन्ही आधीपासून चालू असतात, दोन्ही निम्मा-निम्मा लोड उचलत असतात. एक गेला की दुसऱ्यावरचा लोड ५० टक्क्यांवरून एकदम १०० टक्क्यांवर जातो. व्होल्टेज किंचित खाली जाऊन सावरतो आणि मदरबोर्डला कळतही नाही. काही सर्व्हरमध्ये वीज वाचवायला एका सप्लायला जवळपास झोपवून ठेवायची सोय असते, पण तिथेही तो इतका जागा ठेवतात की लोड लगेच उचलू शकेल.

हॉट-स्वॅपची गंमत पेन ड्राइव्हमध्ये बघा

घरात जुन्या पद्धतीचा चपटा यूएसबी पेन ड्राइव्ह असेल तर त्याच्या तोंडात डोकावून बघा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन थोड्या लांब आहेत, मधल्या दोन साधारण १ मिलिमीटरने आखूड. कडेच्या पट्ट्या विजेच्या, मधल्या डेटाच्या. तुम्ही ड्राइव्ह घालता तेव्हा आधी वीज जोडली जाते, मग डेटा. काढताना उलटं. चालू मशीनमध्ये ड्राइव्ह खुपसता येतो तो या एका मिलिमीटरच्या जोरावर.

हॉट-स्वॅप पॉवर सप्लायच्या मागच्या कनेक्टरमध्ये हेच तत्त्व आहे. जमिनीची पिन सगळ्यात लांब, ती आधी लागते. मग विजेच्या पिना. सगळ्यात आखूड पिन शेवटी लागते आणि ती लागल्यावरच सप्लायला कळतं की आपण पूर्ण बसलो आहोत, आता आउटपुट चालू करायला हरकत नाही. काढताना हीच आखूड पिन सगळ्यात आधी सुटते, सप्लाय आउटपुट बंद करतो आणि जाड पिना सुटतात तेव्हा त्यांच्यातून फारसा करंट वाहत नसतो. त्यामुळे ठिणगी पडत नाही.

याच्या जोडीला इनरश करंट सांभाळावा लागतो. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्ट सर्किटसारखाच वागतो. सोसायटीची रिकामी टाकी भरायला कोणी मोठा व्हॉल्व्ह एकदम उघडला की सगळ्यांच्या नळाचं प्रेशर पडतं, तसंच इथे. नवीन सप्लाय आत सरकवताच त्याने बसमधला करंट खेचला तर चालू असलेल्या सप्लायचा व्होल्टेज कोसळेल आणि मशीन रिस्टार्ट होईल, म्हणजे दुरुस्ती करायला गेलो आणि काम बंद पाडलं. आउटपुटच्या बाजूने ते एकमार्गी दार हे अडवतं, आणि इनपुटच्या बाजूने सॉफ्ट स्टार्टचं सर्किट कपॅसिटर हळू भरतं.

दोन ८०० वॅट म्हणजे १६०० नाही

इथे खूप जण फसतात. वन प्लस वन म्हणजे एक कामाला, एक राखीव. ८०० वॅटचे दोन मॉड्यूल लावले की तुमच्याकडे वापरायला ८०० वॅटच आहेत. पण मशीन ९०० वॅट ओढायला लागलं तरी काहीच बिघडत नाही, कारण दोघं मिळून ४५०-४५० आरामात देतात. दोन्ही दिवे हिरवे आणि सगळे खूश. कोणीतरी नंतर एक ग्राफिक्स कार्ड वाढवलेलं असतं, कॅमेऱ्याच्या इमेज तपासायला वगैरे, आणि त्या दिवसापासून रिडंडन्सी संपलेली असते. एक सप्लाय गेला की दुसरा ओव्हरलोड होऊन तोही बंद. मोठ्या मशीनमध्ये तीन-चार मॉड्यूल असतात आणि त्यातलं एक राखीव, त्याला एन प्लस वन म्हणतात. हिशोब तोच: एक वजा करून मोजायचं.

खरा खेळ: बिघाड कोणाला कळला का?

थोडं गणित करू. समजा एका सप्लायच्या दोन बिघाडांमधला सरासरी काळ १ लाख तास आहे. ऐकायला प्रचंड वाटतं, पण याचा अर्थ एका वर्षात तो बिघडण्याची शक्यता ८ टक्क्यांच्या वर आहे. दोन लावले तर वर्षभरात त्यातला कुठला तरी एक बिघडण्याची शक्यता साधारण १६ टक्के. बरोबर वाचलंत, दोन सप्लाय लावल्याने बिघाड वाढतात. जास्त वस्तू, जास्त बिघाड. कमी होतं ते मशीन बंद पडणं.

किती कमी, हे सप्लायवर नाही, माणसांवर ठरतं. पहिला सप्लाय गेल्यावर २४ तासांत बदलला, तर त्या २४ तासांतच दुसरा जाईल आणि मशीन बंद पडेल याची वर्षाची शक्यता साधारण २४ हजारांत १ येते. तोच बिघाड सहा महिने कोणाच्या लक्षात आला नाही, तर ती साधारण १३०-१४० मध्ये १ होते. हार्डवेअर तेच, खर्च तोच, पण धोका जवळजवळ पावणेदोनशे पट. आणि हे गणित दोन्ही बिघाड एकमेकांशी संबंधित नाहीत असं धरून केलंय. एकाच बॅचचे, एकाच धुळीत, एकाच उष्णतेत सारखीच वर्षं काढलेले दोन सप्लाय प्रत्यक्षात इतके स्वतंत्र नसतात.

म्हणून चांगल्या सप्लायमध्ये कळवायची सोय भरपूर असते. मॉड्यूलवर दिवा असतो, हिरव्याचा पिवळा किंवा लाल होतो. इंडस्ट्रियल मशीनच्या केजमध्ये बझर असतो आणि शेजारी तो गप्प करायचं बटण. माझं स्पष्ट मत आहे की हे बटण या पूर्ण यंत्रणेतला सगळ्यात धोकादायक भाग आहे. रात्रपाळीत कोणीतरी आवाजाला कंटाळून ते दाबतं आणि सकाळी कोणालाच काही माहीत नसतं.

त्यावर उपाय म्हणजे सॉफ्टवेअर. पीएमबस नावाचं एक प्रमाण २००५ मध्ये आलं. त्यातून दोन तारांवरून सप्लायचा व्होल्टेज, करंट, तापमान, पंख्याचा वेग असं सगळं वाचता येतं. पंखा हळू फिरायला लागला हे सप्लाय मरायच्या कित्येक आठवडे आधी दिसू शकतं. पण ही माहिती कुठेतरी पोचली पाहिजे: ईमेल, मेसेज, कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर लाल पट्टी, काहीही. आम्ही सॉफ्टवेअरवाले डॅशबोर्डवर सीपीयू आणि रॅमचे सुंदर ग्राफ काढतो आणि पॉवर सप्लायचा साधा होय-नाही सिग्नल राहून जातो, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

दोन वायरी, एक बोर्ड

एका कारखान्यात मी अशी मशीन पाहिली आहे. मागे दोन चकचकीत मॉड्यूल, दोन जाड केबल, आणि दोन्ही केबल टेबलाखाली एकाच एक्स्टेन्शन बोर्डमध्ये. त्या बोर्डचा स्विच सफाई करताना पाय लागून बंद होईल अशा जागी. एकाच टॉवरची दोन सिम म्हणतात ती हीच.

हे छोट्या ठिकाणीच घडतं असं नाही. ८ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सच्या अटलांटामधल्या डेटा सेंटरमध्ये विजेचं उपकरण बिघडलं. वीज तशी लवकर परत आली. पण कंपनीनेच नंतर सांगितलं त्याप्रमाणे सुमारे ७,००० उपकरणांपैकी ३०० च्या आसपास बॅकअप विजेला नीट जोडलेलीच नव्हती. तेवढी ३०० पुरेशी होती. तीन दिवसांत २ हजारांहून जास्त विमानं रद्द झाली आणि कंपनीने नुकसान १५ कोटी डॉलर सांगितलं. ७,००० पैकी ६,७०० बरोबर म्हणजे परीक्षेत ९५ टक्के. इथे नापास.

त्यामुळे दोन केबल दोन वेगळ्या वाटांनी गेल्या पाहिजेत: वेगळा एमसीबी, शक्य असेल तर वेगळा यूपीएस. यूपीएस एकच असेल तर एक केबल यूपीएसला आणि दुसरी थेट मेन लाइनला लावणं बरं, कारण यूपीएसही बिघडतो, त्याची बॅटरीही बदलावी लागते. केबलला दोन रंगाच्या पट्ट्या लावल्या तर वायरमनलाही कळतं कुठली कुठे जाते. पुणे-पिंपरीकडे देखभालीसाठी गुरुवारी लाइट जाण्याची सवयच आहे. तो दिवस एकेक वाट बंद करून बघायला चांगला.

डीसी पॅनलमध्येही हीच पद्धत आहे. चाकण-भोसरीकडच्या कुठल्याही कारखान्यात कंट्रोल पॅनल उघडलं तर ३५ मिलिमीटर रुंदीच्या धातूच्या पट्टीवर २४ व्होल्टचे सप्लाय बसवलेले दिसतील. महत्त्वाच्या पॅनलमध्ये दोन सप्लाय आणि त्यांच्यापुढे एक रिडंडन्सी मॉड्यूल असतं. तेच आपलं एकमार्गी दार, वेगळ्या डब्यात. त्यावर एक रिले असतो, जो एक बाजू गेली की पीएलसीला कळवतो. ती रिलेची तार जोडलेली आहे का, एवढं नक्की बघा.

बदलायचा कसा

आधी कोणता मॉड्यूल गेला आहे ते खात्रीने ओळखा. घाईत चांगला काढला की खेळ खलास. दिवा बघा, सॉफ्टवेअरमधला क्रमांक बघा, आणि दोन्ही जुळले तरच हात लावा. मग त्याच मॉड्यूलची केबल काढा, कडी दाबून हँडल धरून सरळ ओढा. तो गरम असतो. नवीन मॉड्यूल त्याच कंपनीचा, त्याच वॅटेजचा हवा. ५०० आणि ८०० ची जोडी लावू नका. कडीचा टक्‌ आवाज येईपर्यंत आत सरकवा, मग केबल लावा आणि हिरवा दिवा येईपर्यंत तिथेच थांबा. नवीन मॉड्यूल हातात आल्याशिवाय जुना काढू नका, कारण रिकाम्या खोबणीतून हवा भलतीकडे जाते आणि आतली थंड हवेची वाट बिघडते.

मोठ्या कंपन्यांनी यासाठी रंगाची खूणही ठेवली आहे. डेलच्या सर्व्हरमध्ये केशरी आणि एचपीच्या सर्व्हरमध्ये गडद लाल खूण असलेला भाग मशीन चालू असताना काढता येतो. दोन्हीकडे निळी खूण दिसली तर तेवढ्यावर विसंबून चालू मशीनमधून तो भाग काढू नका, आधी मॅन्युअल बघा.

आणि सुरक्षिततेचं एक: आतलं काही उघडायचं असेल तर दोन्ही केबल काढा. एक काढून मशीन बंद झाली असं समजणं जिवावर बेतू शकतं.

कशापासून वाचवत नाही

दोन्ही मॉड्यूल ज्या बोर्डमध्ये जाऊन बसतात, तो वीज वाटणारा बोर्ड एकच असतो. तो जळला तर दोन सप्लाय काही करू शकत नाहीत. मदरबोर्ड, विंडोज अपडेट, चुकून दाबलेलं शटडाउन, यातल्या कशालाच हे औषध नाही. आणि लाइट पूर्ण गेली तर दोन सप्लाय मिळूनही मशीन मिलिसेकंदांपलीकडे जात नाही. त्यासाठी यूपीएस किंवा जनरेटरच लागतो.

घरच्या पीसीला लावावा का?

लावता येतो. नेहमीच्या एटीएक्स सप्लायच्या जागेत बसणारे, आत दोन छोटे मॉड्यूल असलेले केज मिळतात, फक्त त्यांची खोली थोडी जास्त असते, त्यामुळे कॅबिनेट आधी मोजून घ्या. पण त्या मॉड्यूलना साधारण ४० मिलिमीटरचे चिमुकले पंखे असतात, जे खूप वेगाने फिरतात आणि बेडरूममध्ये विमान उतरल्यासारखा आवाज करतात. किंमत साध्या सप्लायच्या कित्येक पट. घरात दोन केबल जाणार कुठे, तर एकाच मीटरवर. त्या पैशात एक चांगला सप्लाय आणि एक छोटा यूपीएस घ्या, पैसे उरले तर बॅकअपसाठी हार्ड डिस्क.